भंगारातील भागांपासून वायुसंपीडक : जुन्या भागांची गृहीते आणि नव्या कामाच्या अटी

प्रयोगशाळेत संपीडित हवेची गरज वारंवार भासते. प्रकाशीय मेजाचे वायुआधार फुगविणे, निर्वात उपकरणांवरील वायुचालित झडपा उघडणे-मिटणे, नाजूक भागांवरील धूळ उडविणे, एअरब्रशने बारीक रंगकाम करणे ही त्यांपैकी नेहमीची कामे होत. बाजारात मिळणाऱ्या लहान संपीडकांचा आवाज मोठा असतो आणि मापने चालू असता त्यांची कंपने त्रासदायक होतात. याउलट घरगुती फ्रीजमधील संपीडक जवळजवळ निःशब्द चालतो व भंगारबाजारात अल्प किमतीत मिळतो. त्यास एखादी जुनी टाकी, दाबमापक व काही झडपा जोडून कामचलाऊ यंत्र उभे करण्याचा मोह म्हणूनच अनेकांना होतो आणि तो अयोग्यही नाही. अशा यंत्राची रचना कशी करावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. परंतु त्याबरोबरच एका व्यापक तत्त्वाकडेही वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. भंगारातून काढलेला प्रत्येक भाग मूळ कामाच्या काही अटी गृहीत धरून बनविलेला असतो. भाग बदलत नाही, पण त्या अटी मागे राहतात. कोणती अट सुटली आणि तिची भरपाई कशाने करावयाची, हे प्रत्येक भागाविषयी विचारले नाही तर यंत्र चालेल, पण ते सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही.

लेखात दाब बारमध्ये दिला आहे. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.०२ किलोग्रॅमचा भार. मापकावर दिसतो तो मापकदाब. निरपेक्ष दाब त्याहून सुमारे एक बारने अधिक असतो. उदाहरणादाखल सर्वत्र २४ लिटरची टाकी व ६ बार मापकदाब, म्हणजे ७ बार निरपेक्ष दाब, घेतला आहे.

१. संपीडक व त्याची क्षमता

फ्रीजच्या संपीडकात मोटर, दट्ट्या, सिलिंडर व तळाशी तेल हे सर्व एका पोलादी कवचात कायमचे बंद केलेले असते. कवचातून सामान्यतः तीन नळ्या बाहेर येतात. त्यांपैकी चोषणनळी व वायू भरण्याची नळी या दोन्ही कवचाच्या पोकळीत उघडतात. तिसरी, निःसारणनळी, सिलिंडरच्या माथ्यापासून निघते. यंत्र क्षणभर चालवून कोणत्या नळीतून हवा जोराने बाहेर येते हे पाहिले की ती ओळखता येते.

मोटरच्या तीन टोकांची ओळख साध्या रोधमापनाने पटते. ज्या दोन टोकांमधील रोध सर्वांत अधिक, ती आरंभवेटोळ्याची व चालनवेटोळ्याची टोके होत. हा रोध उरलेल्या दोन रोधांच्या बेरजेइतका भरतो. उरलेले तिसरे टोक सामाईक. त्याच्यापासून आरंभवेटोळ्याचा रोध चालनवेटोळ्याच्या रोधापेक्षा जास्त असतो. वेटोळी व कवच यांमधील विद्युत्‌रोधन मेगरने तपासल्यावाचून आणि कवचाला भूसंपर्क दिल्यावाचून यंत्राला वीज जोडू नये.

फ्रीजमधून संपीडक काढताना आतील प्रशीतक वायूचा विचार आधी करावा. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असे. ओझोनच्या थरास ते घातक असल्यामुळे १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्याचा वापर थांबला. नंतरच्या यंत्रांत आर-१३४ए आले. ते ओझोनला बाधक नसले, तरी वातावरण तापविण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. अलीकडील यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, असते आणि ते ज्वालाग्राही आहे. तेव्हा वायू हवेत सोडू नये. प्रशीतनाचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून तो काढून घ्यावा. त्यानंतरही नळ्या ज्योतीने वितळवू नयेत. नळी कापण्याच्या चाकाने त्या कापाव्या. करवत वापरल्यास धातूचा कीस आत जातो व झडपांच्या पट्ट्यांमध्ये अडकतो.

क्षमतेविषयीची अपेक्षा माफक ठेवावी. एका फेऱ्यात ७ घन सेंटिमीटर हवा सरकविणारा संपीडक मिनिटास २,८५० फेरे करीत असेल, तर त्याचे सैद्धांतिक विस्थापन मिनिटास सुमारे २० लिटर होते. आपली टाकी ६ बारपर्यंत भरावयास बाहेरची १४४ लिटर हवा लागते. म्हणजे हिशेबाने सात मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात सिलिंडरच्या माथ्याशी उरणारी हवा पुन्हा प्रसरण पावते, आत येणारी हवा तापलेल्या कवचात विरळ होते, शिवाय थोडी गळतीही असतेच. त्यामुळे दहा-बारा मिनिटे धरणे वाजवी. क्वचित व थोडी हवा घेणाऱ्या वायुआधारांना हे पुरते. हवापट्टीसारख्या उपकरणास मात्र कमी दाबाची विपुल हवा सतत लागते. तेथे संपीडक नव्हे, धमनपंखा योजावा.

ट्रकच्या हवाई ब्रेकचा संपीडकही भंगारात मिळतो व त्याची क्षमता पुष्कळ अधिक असते. परंतु त्यास वंगणाचे तेल इंजिनाकडून दाबाखाली पुरविले जाते, आणि अनेक प्रकारांत थंडाव्याचे पाणीही इंजिनाकडूनच येते. ही दोन्ही गृहीते नव्याने उभी करावी लागतात, म्हणून प्रयोगशाळेसाठी तो सोयीचा नाही.

२. उष्णतेचा प्रश्न

वरवर पाहता फ्रीजच्या संपीडकाला हवा दाबणे जड जाऊ नये. फ्रीजमध्येही तो सुमारे एक बार निरपेक्ष दाबाचा वायू ओढून कित्येक पट दाबाने बाहेर टाकतच असतो. पण येथेच पहिले गृहीत लपलेले आहे. बाहेरशी उष्णतेची देवघेव न होता वायू दाबला, तर त्याच्या निरपेक्ष तापमानाची वाढ वायूच्या विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आर-१३४ए साठी हे गुणोत्तर सुमारे १.१ आहे, हवेसाठी १.४. दोन्ही वायू २७ अंश सेल्सियसपासून सातपट दाबापर्यंत नेले, तर आदर्श हिशेबाने पहिल्याचे तापमान ८५ अंशांच्या आसपास पोचते. हवेचे तापमान २५० अंशांवर जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात. तरीही यंत्र तेच, दाबांचे गुणोत्तर तेच, आणि उष्णतेचा भार मात्र निराळा, ही गोष्ट उरतेच.

फ्रीजमध्ये या उष्णतेचा निचरा थंड परत येणाऱ्या वायूने होतो. हवेच्या यंत्रात खोलीच्या तापमानाची हवा आत येते. शिवाय फ्रीजच्या बंद चक्रात ऑक्सिजन नसतो. त्यामुळे तेथील तेल तापले, तरी जळत नाही. हवेत तेच तेल झडपांपाशी ऑक्सिडीभूत होऊन काजळीसारखा थर धरते. मग झडप नीट बसत नाही, दाबलेली उष्ण हवा मागे येऊन पुन्हा दाबली जाते आणि तापमान आणखी चढते.

उष्णतेचा हा प्रश्न संपीडकाइतकाच जुना आहे. आल्प्समधील गोट्‌थार्ड बोगद्याच्या कामी (१८७२–१८८२) जिनिव्ह्याचे भौतिकशास्त्रज्ञ दानिएल कोलादों यांच्या संपीडकांत सिलिंडरमध्येच पाण्याचा फवारा सोडीत असत. त्यामागील हिशेब सोपा आहे. एक बारची एक घनमीटर हवा सातपट दाबावयास उष्णता मुळीच काढली नाही तर सुमारे २६० किलोजूल कार्य लागते. दोन टप्प्यांत दाबून मध्ये पूर्ण थंड केली तर २२४ किलोजूल लागते आणि तापमान सतत स्थिर राखता आले तर १९५ किलोजूल पुरते. म्हणजे थंडावा हा केवळ यंत्राचा बचाव नसून ऊर्जेचीही बचत आहे.

आपल्या बंद कवचात पाणी सोडणे शक्य नाही. तेव्हा तीन मर्यादा पाळाव्या. दाब ६ बारपुरताच ठेवावा. एक भरण झाल्यावर किमान तितकाच वेळ यंत्रास विश्रांती द्यावी. आणि कवचावर लहान पंखा लावावा. शक्तीचा हिशेबही याच निष्कर्षाकडे नेतो. मिनिटास २० लिटर हवा सातपट दाबावयास सुमारे ८७ वॅट लागतात. घर्षण व मोटरमधील ऱ्हास यांत मिळविले की शंभर-सव्वाशे वॅटच्या मोटरकडे राखीव काही उरत नाही.

३. तेल आणि आर्द्रता

फ्रीजमधून वायूबरोबर निघालेले थोडे तेल चक्र पुरे करून कवचात परत येते. हवेच्या यंत्रात परतीची वाट नाही. गेलेले तेल टाकीत किंवा उपकरणात साचते व कवचातील पातळी हळूहळू खाली जाते. शेवटी दट्ट्या कोरडा चालून अडकतो. म्हणून निःसारणनळीनंतर तांब्याच्या नळीचे शीतक वेटोळे व त्यापुढे तेल-पाणी विभाजक बसवावा. विभाजकात जमलेले तेल मोजून तितकेच नवे तेल भरण्याच्या नळीतून घालावे. आर-१३४ए च्या यंत्रात पॉलिओल एस्टर जातीचे तेल असते. ते हवेतील बाष्प शोषते व त्याच्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते. वेटोळी याच कवचात असल्यामुळे त्यांच्या लेपाला ते अपायकारक आहे. असे तेल काढून टाकून त्याजागी संपीडकासाठीचे खनिज तेल भरणे बरे. चोषणनळीवर गाळणी असावीच, कारण फ्रीजमध्ये धूळ हा प्रकारच नव्हता.

बाष्पाचे प्रमाण किती असते, हे आकड्यांनीच लक्षात येईल. पावसाळ्यात मुंबईत ३० अंश तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही नेहमीची स्थिती होय. तेव्हा एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. ही हवा ७ बार निरपेक्ष दाबापर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली, की तिचे आकारमान एक-सप्तमांश होते व तेवढ्या जागेत ४.३ ग्रॅमहून अधिक बाष्प राहू शकत नाही. उरलेले सुमारे २१ ग्रॅम पाणी होऊन खाली बसते. रोज एक घनमीटर हवा वापरली, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच लिटर पाणी होईल. निचऱ्याची तोटी उघडली नाही, तर हे पाणी टाकीच्या तळाशी राहणार आणि तेथेच टाकी गंजणार.

४. साठवण टाकी

संपीडक बिघडला तर काम थांबते. टाकी फुटली तर माणूस दगावतो. म्हणून सर्वांत कडक कसोटी टाकीला लावली पाहिजे.

आपल्या टाकीतील हवा एकाएकी मोकळी होऊन वातावरणाच्या दाबापर्यंत प्रसरण पावली, तर ती सुमारे १८ किलोजूल कार्य करील. त्यातील ७ किलोजूल सभोवारची हवा मागे सारण्यात जातात, असे मानले तरी जवळजवळ ११ किलोजूल उरतात. सत्तर किलोग्रॅमचा माणूस १५ मीटर उंच फेकण्यास इतकी ऊर्जा पुरेशी आहे. ही ऊर्जा मेजाखाली, विद्यार्थ्याच्या पायांजवळ साठविलेली असते, याचे भान ठेवावयास हवे.

नळकांडी टाकीच्या भिंतीतील परिघीय प्रतिबल असे काढतात :

प्रतिबल = (दाब × व्यास) ÷ (२ × भिंतीची जाडी)

व्यास ३०० मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर व मापकदाब ६ बार धरल्यास प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला ४५ न्यूटन येते. साध्या पोलादाची शरणमर्यादा २५० न्यूटनांच्या आसपास असते, म्हणजे राखीव सामर्थ्य भरपूर दिसते. परंतु तळाचा पत्रा गंजून अर्धा मिलिमीटर उरला, की याच सूत्राने प्रतिबल १८० न्यूटनांवर जाते. त्यात वितळजोडाचे दोष व रोजच्या भरण्या-उतरण्याने येणारा थकवा मिळवावा. बाहेरून रंगविलेल्या टाकीवर यातले काहीच दिसत नाही.

भंगारात मिळणाऱ्या पात्रांकडे या दृष्टीने पाहू. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर मजबूत असतो, पण तो तेल कंपनीच्या मालकीचा असतो, ग्राहकाच्या नव्हे. शिवाय एका वायूसाठी मान्य झालेले पात्र परवानगीवाचून दुसऱ्या वायूसाठी वापरणे गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांच्या विरुद्ध आहे. या नियमांचा अंमल करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथेच आहे. आत उरलेल्या वायूमुळे अशा सिलिंडरवर वितळजोड करणे प्राणघातक ठरू शकते. प्रशीतक वायूचे एकदाच वापरून टाकावयाचे डबे पातळ पत्र्याचे असतात. वारंवार भरण्याचे व आत ओलावा राहण्याचे गृहीत त्यांच्या रचनेत नाही. पीव्हीसी नळाची टाकी तर कोणीही करू नये. पाण्याच्या दाबाला तो नळ टिकतो, पण हवेच्या दाबाखाली फुटला की त्याच्या धारदार कपच्या उडतात, आणि क्ष-किरण चित्रातही त्या सहज दिसत नाहीत.

ट्रकच्या हवाई ब्रेकची टाकी मात्र मुळातच संपीडित हवेसाठी, ७-८ बार दाबासाठी बनविलेली असते. आत पाणी साचणार हेही तिच्या रचनेत गृहीत धरलेले असते व तळाशी निचऱ्याची जागा ठेवलेली असते. जुने काम व नवे काम यांतील अंतर येथे सर्वांत कमी आहे, म्हणून निवड हिचीच करावी. तरीही ती भंगारात का आली, हा प्रश्न उरतो. अपघातात चेपलेली किंवा जोडाजवळ गंजलेली टाकी घेऊ नये. निचऱ्याच्या भोकातून लहान कॅमेरा घालून आतील बाजू पाहावी. यंत्र अभियांत्रिकी विभागाकडे श्राव्यातीत जाडीमापक असल्यास तळाची जाडी अनेक ठिकाणी मोजून घ्यावी.

५. जलचाचणी

टाकीची कसोटी हवेने घेऊ नये, पाण्याने घ्यावी. हा निव्वळ रूढीचा भाग नाही, हे पुढील तुलनेवरून दिसेल. दीडपट, म्हणजे ९ बार मापकदाबाला आपली टाकी हवेने भरली तर तीत सुमारे २९ किलोजूल ऊर्जा साठते. त्याच दाबाला ती पाण्याने भरली तर पाण्याच्या संपीडनात सुमारे ४.४ जूल साठतात. पत्र्याच्या ताणातील ऊर्जा मिळविली तरी एकूण काही दशक जूलच होतात. टाकी सदोष असेल तर पहिल्या चाचणीत ती स्फोट पावेल, दुसरीत तिच्यातून पाण्याची एक चिळकांडी उडेल.

मात्र हा लाभ टाकीत हवा मुळीच नसेल तरच मिळतो. म्हणून सर्वांत उंच भोक वर ठेवून पाणी काठोकाठ भरावे, टाकी ठोकून अडकलेले बुडबुडे काढावे आणि मगच नळकारागीर वापरतात तो दाबचाचणीचा हातपंप जोडावा. दाब टप्प्याटप्प्याने चढवून ९ बारवर अर्धा तास ठेवावा. दाब घसरला, जोडाशी ओल दिसली किंवा दाब काढल्यावर परिघात कायमची वाढ आढळली, तर टाकी बाद करावी. ठिगळ लावून ती पुन्हा वापरात आणू नये. चाचणीनंतर टाकीवर कोणताही वितळजोड करावयाचा नाही. पाय, हँडल, मोटरची बैठक ही सर्व पट्ट्यांनी आवळून बसवावी. यशस्वी चाचणी टाकीची आजची स्थिती सांगते, पुढील वर्षाची नव्हे. गंज चालूच राहतो, म्हणून चाचणी दरवर्षी केली पाहिजे.

६. जोडणी व आरंभ

जोडणीचा क्रम असा : गाळणी, संपीडक, शीतक वेटोळे, विभाजक, एकदिशा झडप, टाकी, दाबनियंत्रक व उपकरण. टाकीवर थेट, मध्ये कोणतीही तोटी न ठेवता, सुरक्षा झडप व दाबमापक बसवावे. सुरक्षा झडप टाकीच्या मान्य दाबापेक्षा खाली उघडणारी असावी आणि संपीडक देऊ शकेल तितकी सर्व हवा तिच्यातून बाहेर जावी.

आरंभाच्या वेळी आणखी एक गृहीत आडवे येते. फ्रीज बंद झाल्यावर केशनळीतून दोन्ही बाजूंचे दाब सावकाश समान होतात, आणि मोटरला नेहमी भारावाचून सुरुवात करता येते. तिचे आरंभी परिबल त्यामुळे कमीच ठेवलेले असते. टाकीतील दाब दट्ट्यावर कायम राहिला तर मोटर फिरत नाही, गुणगुणत तापते व संरक्षक स्विच तिला पुनःपुन्हा तोडतो. उपाय म्हणून संपीडक व एकदिशा झडप यांमधील थोडी हवा मोटर थांबताच सोडून देणारी भारमोचक झडप लावावी. बहुतेक दाबस्विचांना ती जोडलेलीच येते. फ्रीजची केशनळी टाकली जाते, आणि तिचे काम ही झडप करते.

कोणते भाग जुने घ्यावे व कोणते नवेच घ्यावे, याचा निर्णय आता सोपा होतो. संपीडक, शीतक वेटोळे, पंखा व चौकट जुनी चालतील, कारण ती निकामी झाली तर फक्त काम थांबते. टाकी वरील कसोट्यांतून उतरली तर चालेल. सुरक्षा झडप, दाबस्विच, दाबमापक व लवचिक नळ्या नव्याच घ्याव्या. काटकसर येथे करावयाची नाही.

७. पहिली मापने

यंत्र प्रथम चालविताना दर मिनिटाला दाब नोंदवून आलेख काढावा. आरंभीचा चढ संपीडकाचे प्रत्यक्ष विस्थापन दाखवितो आणि वरच्या दाबाला येणारा वाक झडपांची स्थिती सांगतो. काही महिन्यांनी तोच आलेख पुन्हा काढल्यास झीज किती झाली हे कळते. गळती तपासताना मात्र घाई करू नये. भरल्यावर टाकीतील हवा ४७ अंशांवर असली व नंतर ती २७ अंशांवर आली, तर गळती मुळीच नसताही निरपेक्ष दाब ७ वरून सुमारे ६.६ बारवर उतरतो. तापमान स्थिरावल्यावरची घट तेवढी गळतीची समजावी. या यंत्रातील हवेत तेलाचे सूक्ष्म कण व तापलेल्या तेलापासून झालेले वायू असतात. श्वसनासाठी ती कोणत्याही कारणाने वापरू नये. त्वचेवर किंवा कपड्यांवर हवेचा झोत धरण्याचीही सवय लावून घेऊ नये.

विद्यापीठीय प्रयोगशाळेची एक अडचण शेवटी नमूद केली पाहिजे. यंत्र बनविणारा विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन जातो. यंत्र मात्र कोपऱ्यात राहते व पुढील विद्यार्थ्यास ते तयार वस्तू म्हणून मिळते. कोणती टाकी, तिची चाचणी केव्हा झाली, पाणी केव्हा सोडावयाचे, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. भंगारातील भागाबद्दल आपण जो प्रश्न विचारला, तोच आता आपल्या यंत्राबद्दल उभा राहतो. यासाठी टाकीवर धातूची पट्टी रिव्हेटने नव्हे, पट्ट्याने आवळून बसवावी व तीवर टाकीचे मूळ काम, आकारमान, कमाल मापकदाब, जलचाचणीची तारीख आणि पुढील चाचणीची तारीख कोरावी. यंत्राजवळ नोंदवही असावी आणि तीत रोज सोडलेले पाणी, घातलेले तेल व भरण्याचा वेळ लिहावा. पुढील चाचणीची तारीख उलटून गेलेली दिसली, तर विभागातील कोणासही, अगदी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही, यंत्राची वीज तोडून टाकीतील हवा सोडून देण्याचा अधिकार असावा.